डूख कुणी लिहिला?

१

एकतीस डिसेंबरच्या सकाळी आमच्या चुकिरी गावच्या चौकात म्हातारा खुर्चीत बसवला होता, आणि त्याच्या मृत्युपत्रात कुणीतरी अशा चार ओळी घातल्या होत्या की संध्याकाळपर्यंत कुणाचं तरी डोकं फुटणार हे मला दिसत होतं.

म्हातारा म्हणजे सरतं वर्ष. जुन्या विजारीत भुसा भरायचा, वर टोपी घालायची, आणि जाळण्याआधी त्याचं मृत्युपत्र वाचून त्याच्याच खिशात घालायचं. अमक्याला माझी काठी, तमकीला माझी जीभ, अशा थट्टेच्या ओळी. बाकीची गावं त्याला मध्यरात्री जाळतात. आमची घरं लाकडी आणि पाद्रीबाबा भित्रे, म्हणून आमचा म्हातारा संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला जळतो.

पण आमच्याकडे एक नियम आहे, तो फार जुना. जे जळलं ते मिटलं. मृत्युपत्रात जे वाचलं गेलं आणि आगीत गेलं, ते नव्या वर्षात कुणी तोंडातून काढायचं नाही. बांधावरून, गायीवरून, पळून गेलेल्या मुलीवरून पेटलेली भांडणं आमच्याकडे अशीच विझली आहेत. नियम मोडणाऱ्याशी गाव बोलत नाही, पाववालासुद्धा त्याला पाव देत नाही.

मी फ्रँक्लिन सामानिएगो, गावचा तेनिएंते, म्हणजे तंटे मिटवायला सरकारने नेमलेला माणूस. स्वभावाने मी तंटा दिसला की दुसऱ्या गल्लीने जाणारा. पण नेमणूक झाली ती झाली, आता आलीया भोगासी.

मृत्युपत्र गावच्या साहित्य मंडळातली मंडळी लिहिते आणि तेनिएंते वाचतो. पूर्वी ती बरीच होती, मग कुणी लोहा शहरात गेलं, कुणी माद्रिदला, कुणी देवाघरी, आणि उरली तीन माणसं. तिघं माझ्या कचेरीतल्या टाइपरायटरवर ओळी छापतात आणि मडक्यात टाकतात. कुणी काय लिहिलं ते कुणालाच कळू नये, नाहीतर थट्टेची मजा ती काय? टाकलेली ओळ मागे घ्यायची तर ती लिहिणाऱ्यानेच घ्यायची. मला त्यातलं अक्षरही खोडता येत नाही.

त्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष कवी लेओविखिल्दो कार्रियोन यांनी मडकं उघडलं आणि सवयीप्रमाणे सगळं पाववाल्याच्या दुकानात मोठ्याने वाचून पाहिलं. त्यात हे निघालं:

आमादेओला देऊन जातो झिजल्या ब्रेकची जोडी,
नवी राहिली कोठारातच, मक्यामागे मारून दडी.
चालकाच्या विधवेला देतो डूख, जो तिनं पोसला,
आगीत टाक गं बाई आता, नव्या वर्षी कशाला?

पाव थंड व्हायच्या आत सगळ्या गावाला ओळी पाठ झाल्या.

डॉन आमादेओ बुर्नेओ गावच्या बसचे मालक. दोन वर्षांपूर्वी त्यांची रिकामी बस क्रूसाच्या वळणावरून दरीत गेली आणि चालक रोसेंदो मेला. तो प्यालेला होता असं मालक म्हणाले, आणि मालकाचं ऐकायची गावाला सवय होती. रोसेंदोची बायको फिदेलिना, मंडळात गोष्टी लिहिणारी, मात्र ब्रेक गेले होते हेच सांगत राहिली. येत्या जानेवारीत लोहाच्या कोर्टात तिची सुनावणी होती. साक्षीदार सगळे आमच्याच गावचे. त्या चार ओळी जळल्या, तर त्यातला एकही तोंड उघडणार नव्हता, आणि रोसेंदो कायमचा दारुडा ठरणार होता.

मी कचेरीत पाय ठेवतो न ठेवतो तोच दार धाडकन उघडलं. आमादेओंचा थोरला फाउस्तो दारात उभा होता, अस्तन्या वर, डोळे लाल.

"कुणी लिहिलं ते सांगा साहेब," तो म्हणाला, "नाहीतर घंटेच्या आधी मी तिघांचेही हात मोडतो."

"तिघांत तुझे वडीलही आहेत रे," मी कसाबसा म्हणालो.

त्यावर तो ज्या नजरेने माझ्याकडे बघून गेला, ती मला अजिबात आवडली नाही.

२

अडचणीत सापडलो की मी मेल्वा आत्याकडे जातो. ती शाळेत साहित्य शिकवायची. गावातल्या प्रत्येक लिहित्या हाताचं शुद्धलेखन तिनेच दुरुस्त केलेलं. मी पोचलो तेव्हा ती मोते, म्हणजे सोललेला मका, शिजवत होती.

"या, सरकार!" ती म्हणाली. "चेहरा का असा मेलेल्या उंदरासारखा?"

मी ओळी तिच्यापुढे ठेवल्या. तिने चष्मा लावला, एकदा वाचल्या, परत वाचल्या आणि चुलीवरचं भांडं उतरवलं.

"गाव काय म्हणतंय?"

"फिदेलिनानेच लिहिलंय म्हणतंय. बाईच्या उरात डूख आहे, कोर्टापर्यंत दम निघाला नाही, ओकली मडक्यात. हातचं सोडून बसली."

आमच्याकडे त्याला रेंकोर म्हणतात. साप जसा धरतो तसा माणसाने धरलेला डूख. रागाला वेळ असते, डुखाला नसते.

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मी आजारी पडावं आणि पाद्रीबाबांनी वाचावं."

"बापावर गेलास अगदी." आत्याने शाल घेतली. "चल. तिघांनाही मी आयुष्यभर वाचलंय, आता जरा ऐकून बघू."

रस्त्यावर पोरं काळे झगे आणि ओढण्या घालून म्हाताऱ्याच्या विधवा झाली होती. दोरी आडवी धरून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायची आणि छाती बडवून रडायची, "माझा नवरा मेला हो, चार पैसे टाका!" एकाने तर दाढीला पावडर फासली होती. दरवर्षी मी हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण दोरीच्या पलीकडे खरी विधवा उभी होती. पोरांनी तिला पाहिलं आणि दोरी खाली टाकली. फिदेलिना दोरी ओलांडून निघून गेली.

"तिच्याकडे नंतर," आत्या म्हणाली. "आधी आपले महाकवी."

लेओविखिल्दो घरी आरशासमोर स्वतःच्या कवितांच्या वाचनाची तालीम करत होते. गळ्यात रुमाल, हातात कानेलासोचा, म्हणजे दालचिनीच्या गरम दारूचा, पेला. सकाळपासून लोक त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारत होते, "कविराज, हे तुमचंच ना?" आणि ते नुसते गूढ हसत होते.

"लेओ," आत्या म्हणाली, "तुझं आहे का हे?"

"बाई, कलावंताने आपल्या मुलाचं नाव सांगू नये."

"फाउस्तो बुर्नेओ हात मोडायला निघालाय."

रुमाल सैल झाला. "माझं नाही! आईशप्पथ नाही! मी इतकं बाळबोध लिहीन का बाई? ब्रेक, मका, कोठार? यात चंद्र कुठाय?"

आत्याला हसू आवरेना. "खरंच की, चंद्र कुठाय! आणि डूख? तो तर तुझा लाडका."

"माझ्या प्रत्येक काव्यात आहे. डूख म्हणजे काळा गुलाब. डूख म्हणजे उरातला ज्वालामुखी."

"माहीत आहे रे. तपासून तपासून माझी शाई संपली. तुझ्यावर कुणी कधी अन्याय केलाय का लेओ?"

कवींनी बराच विचार केला. "एकदा लोहाच्या स्पर्धेत मला तिसरं बक्षीस दिलं होतं."

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "हा नाही. ज्याला शब्द अत्तरासारखा लावायचा असतो, तो मक्याच्या पोत्यामागे लपवत नाही." मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. उरले दोन.

३

फिदेलिना अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तोंड उघडायच्या आत ती माझ्याकडे वळली.

"ते वाचू नका साहेब. पाया पडते तुमच्या, ते वाचू नका."

"तू लिहिलंस का बाई?"

"नाही."

"मग लिहिणाऱ्यानेच मागे घ्यायला हवं. मला अधिकार नाही."

"अधिकार!" ती इतकी कडू हसली की मी जमिनीकडे बघायला लागलो. "सगळे म्हणतात मी लिहिलं. मी नाही म्हटलं की म्हणतात घाबरली. गप्प बसले की म्हणतात कबूल केलं. आता तुम्हीच सांगा, कुठलं तोंड घेऊन बोलू?"

आत्या दोरीवरचे कपडे बघत होती. त्यात पुरुषाचा शर्ट होता.

"फिदे, कोर्टातल्या अर्जात तू काय काय लिहिलंयस?"

"ब्रेक वाजत होते, त्याने मालकाला दोनदा सांगितलं होतं, मालक म्हणाले पुढच्या महिन्यात बघू. एवढंच माहीत आहे बाई मला. वकील म्हणतो एवढ्याने भागायचं नाही. बसचं तर लोखंडसुद्धा विकून टाकलं त्यांनी."

"आणि नवी जोडी आणून ठेवली होती, ते?"

फिदेलिनाचे हात थांबले. "सकाळी पाववाल्याकडे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. खरं आहे का ते? आणून ठेवली होती आणि लावली नाही?"

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना मी म्हणालो, "नाटक करत असेल तर?"

"तू तिच्या गोष्टी वाचल्यायस?"

"मंडळाच्या वाचनाला मी दारापाशी बसतो आणि डुलक्या काढतो."

"तिच्या गोष्टीतली बाई दर शनिवारी मेलेल्या नवऱ्याचा शर्ट धुते, इस्त्री करते, घडी घालते. एकदाही कुणाला शिव्या देत नाही. दोन वर्षांत फिदेलिनाने डूख हा शब्द कागदावर आणलेला नाही, फ्रँक्लिन. एकदाही नाही."

"म्हणजे तिच्या मनात तो नाहीच?"

"गाढवा," आत्या म्हणाली, "म्हणजे तो भरपूर आहे."

चौकात पोचलो तर फाउस्तो म्हाताऱ्यासमोर उभा होता. हातात लोखंडी गज होता, आणि गर्दी त्याच्यापासून लांब सरकली होती.

४

"टाक ते खाली," एक भारदस्त आवाज आला. डॉन आमादेओ गर्दीतून पुढे आले, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी मुलाच्या हातून गज काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाचू द्या. माझ्यावर लिहिलंय ना? वाचू द्या. परंपरा आहे. मी कुणावर डूख धरत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "केवढं मन!" मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. एवढा अपमान गिळून माणूस गावाच्या शांततेचा विचार करतो. माझं कामच सोपं करून टाकलं त्यांनी.

आत्याने मात्र माझा दंड असा दाबला की मी ओरडलो.

"डॉन आमादेओ," ती गोड आवाजात म्हणाली, "गावच्या पत्रिकेतलं तुमचं सदर मी नेमाने वाचते हं."

"कृपा आहे बाई."

"पाणीपट्टीवरून कुरकुरणाऱ्यांबद्दल लिहिलं होतंत, 'ज्यांच्या उरात डूख नांदतो'. पगार मागणाऱ्या कंडक्टरबद्दलही तेच."

"खरं तेच लिहिलं. डूख हाच या गावाचा रोग आहे."

"हो ना," आत्या म्हणाली. मग ती फाउस्तोकडे वळली. "आणि तू, बाळा. लहानपणी तुला निबंध लिहायला दिला की तू रडायचास. आता एकच प्रश्न विचारते, लिहायचा नाही. तुमच्या कोठारात मक्याच्या पोत्यामागे काय आहे?"

फाउस्तोच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. तो बापाकडे बघत राहिला.

"उंदीर," डॉन आमादेओ हसले. "कोठारात दुसरं काय असणार?"

फाउस्तो वळला आणि गर्दी ढकलत निघून गेला.

घंटेला फार वेळ उरला नव्हता. डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं आणि पोरं म्हाताऱ्यावर रॉकेल शिंपडत होती. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "तिघांनाही कचेरीत बोलव. आत्ताच्या आत्ता. आणि कागद-पेन काढून ठेव."

५

कचेरीत तिघं बसले. मी दाराला कडी लावली. समजा आत्या चुकली, तर या गावात मला पाव मिळणार नव्हता.

"या ओळींत सगळ्यात मोठी बातमी कुठली?" आत्याने सुरुवात केली. "नवी जोडी कोठारात पडून होती, ही. फिदेलिना दोन वर्षं असा पुरावा शोधतेय. तिला तो सापडला असता, तर ती धावत वकिलाकडे गेली असती की भुशाच्या बाहुल्याच्या खिशात घातला असता? घातला की जळतो, आणि जळला की मिटतो. हे लिहिणाऱ्याला ही बातमी माहीत होती आणि ती मिटायला हवी होती."

"पण मीच दोषी ठरतो ना त्यात!" डॉन आमादेओ म्हणाले. "स्वतःवर कोण लिहील बाई?"

"नुसतं 'ब्रेक वाईट होते' असं लिहिलं असतं, तर तेवढंच मिटलं असतं. कोठाराची गोष्ट उघडी राहिली असती. गावापुढे घटकाभर हसं झालं तरी चालेल, पण कोर्टात कुणी बोलायला नको, असा तो हिशेब आहे. सकाळी लोक हसले, दुपारी तुम्ही 'वाचू द्या' म्हणालात, तर टाळ्या पडल्या. उद्यापासून सगळ्यांची तोंडं बंद."

"कल्पना छान आहे. शाळेत शोभेल."

"शाळेतलंच सांगते. लेओ डूख लिहितो तो नटायला. फिदेलिना लिहीतच नाही. ज्याला काटा बोचतो तो 'काटा' म्हणत बसत नाही, कुठे बोचतो ते दाखवतो. तुम्ही लिहिता तो मात्र नेहमी दुसऱ्याचा असतो. कुणी आपलं मागायला आलं की तुम्ही म्हणता, याच्या उरात डूख आहे. म्हणजे मागणं राहिलं बाजूला, तो माणूसच किडका ठरला. आता ओळी बघा. 'डूख, जो तिनं पोसला.' स्वतःच्या दुःखाबद्दल कुठली बाई असं लिहील? आणि शेवटी, 'आगीत टाक गं बाई आता.' ही विनवणी कुणाची आहे, डॉन आमादेओ?"

लेओविखिल्दो पुटपुटले, "बाप रे." चंद्राविना एवढं नाट्य त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

डॉन आमादेओंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. ते अजिबात घाबरले नव्हते. त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"समजा मी लिहिलं," ते म्हणाले. "समजा! सिद्ध कसं करणार? मी कबूल करत नाही, म्हणून मागेही घेत नाही. तेनिएंते, तुम्हाला खोडायचा अधिकार आहे?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मग वाचा आणि जाळा. बाईच्या मनात डूख आहे, त्याला मी काय करू?"

फिदेलिना उठली.

"आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्याला डूख म्हणा, डॉन आमादेओ. मी त्याला रोसेंदो म्हणते. तो सकाळी मोते खाऊन घरातून गेला होता, आणि शुद्धीवर होता. कशाला टाकू मी त्याला आगीत?"

माझ्या मनात आलं, उठावं आणि ओळींचा कागद गिळून टाकावा. तेनिएंतेने कागद खाऊ नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? पण खाऊन काय उपयोग, गावाला त्या पाठ होत्या.

आणि घंटा सुरू झाली. चौकातून आरोळी उठली, "मृत्युपत्र! मृत्युपत्र!" डॉन आमादेओ उठले, टोपी नीट केली आणि दाराची कडी काढली.

दारात फाउस्तो उभा होता. अंगाला मक्याचा कोंडा चिकटलेला, हातात कागदात गुंडाळलेलं जड काहीतरी. त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि कागद सोडला. ब्रेकची जोडी होती, कोरी, कारखान्याचं ग्रीसही पुसलेलं नव्हतं.

"फाउस्तो," बाप म्हणाला, "घरी जा."

"नाताळच्या दिवशी मी पप्पांना सांगितलं होतं," फाउस्तो आमच्याकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "कोर्टात क्रूसावर हात ठेवून विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, म्हणालो. ही जोडी मीच कोठारात नेऊन ठेवली होती. पप्पा म्हणाले, हंगाम संपू दे, बस आत्ता उभी करायला नको. मग रोसेंदो गेला. सकाळी त्या ओळी ऐकल्या आणि मला वाटलं, माझ्याशिवाय आणि पप्पांशिवाय हे कुणाला माहीत? पप्पा स्वतः लिहितील असं मनातही आलं नाही. वाटलं, झोपेत मीच कुणापाशी बोललो. म्हणून तर हात मोडायला निघालो होतो."

"तुझ्या तोंडाला कुलूप घालायला लिहिलं रे, बाळा," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या नाही."

डॉन आमादेओंची काठी जमिनीवर आपटली. "बापावर उलटतोस? डूख धरलास माझ्यावर?"

फाउस्तोने मान हलवली. "नाही पप्पा. मला झोप हवीय."

घंटा वाजतच होती. बाहेर पोरं मशाल पेटवून ओरडत होती की तेनिएंते झोपले काय. जोवर ओळी आगीत गेल्या नव्हत्या, तोवर जे बोलायचं ते बोलता येत होतं, आणि जो जबाब माझ्या सहीने लिहिला जाईल तो कुठलाही म्हातारा जाळू शकणार नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा चौकाकडे पाठ करून बसलो आणि पेन उचललं.

"लेओविखिल्दो," मी म्हणालो, "बाहेर जाऊन सांगा, थांबा म्हणावं. माझं काम चालू आहे. ऐकत नसतील तर तुमच्या कविता ऐकवा."

कविराज अत्यानंदाने पळाले. डॉन आमादेओ त्यांच्या मागून बाहेर पडले, आणि या वेळी त्यांना कुणी वाट करून दिली नाही.

फाउस्तो टेबलापाशी उभा होता. कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचत नव्हतं. फिदेलिनाने ब्रेकच्या त्या कोऱ्या जोडीवर एकदा हात ठेवला, मग काढून घेतला. मग तिने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "उभ्याने सांगण्यासारखं नाही हे."